बुधवारचं टेबल

त्या इमारतीकडे बघितलं की माझं डोकं फिरतं. पिथमपूर मागे टाकून धारच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला काचेचा एक भला थोरला डबा उभा आहे. वर निळ्या अक्षरांत 'रिसर्च पार्क' आणि खाली आमच्या विद्यापीठाचं नाव. माळव्याच्या उन्हात काचेची इमारत बांधणाऱ्या माणसाला आधी सगळा मे महिना तिच्यात कोंडून ठेवला पाहिजे, असं मी उद्घाटनाच्या आधीच म्हणाले होते. ज्याला म्हणाले तो माझा सख्खा दीर. पार्कचा मुख्य तोच.

माझं माहेर देवासचं, सासर धारचं. लग्न झालं तरी नोकरी देवासलाच राहिली, त्यामुळे नवरा आणि मी देवासला, आणि सणावारी धार. दिराला मी तोंडावर भावजी आणि अहो-जाहो करते, मनात अरे-तुरे. इथे मनातलंच लिहिते आहे. तो पिथमपूरला एका गाड्यांच्या कारखान्यात मॅनेजर होता. निवृत्त झाला, दोन महिने घरात बसून बायकोला भाजी कशी चिरायची ते शिकवलं, आणि मग आमच्या विद्यापीठाने त्याला उचलून पार्कच्या डोक्यावर नेऊन बसवलं. विद्यापीठ आणि उद्योग यांच्यामध्ये पूल बांधायचा, असं तो म्हणायचा. एका जेवणात 'पूल' हा शब्द मी सात वेळा मोजला आहे.

आणि पूल होता ना रे बाबा! माझ्या प्रयोगशाळेत होता.

देवासच्या कॉलेजात माझी धातूतपासणीची लहानशी प्रयोगशाळा होती. एक लांब टेबल, एक जुना सूक्ष्मदर्शक, नमुना घासायची चकती, कोपऱ्यात बेसिन. दर बुधवारी दुपारी ती गावाला उघडी असायची. लेथवाले, फाउंड्रीवाले, ट्रॅक्टरची अवजारं बनवणारे, कुणीही यायचं. कागदात गुंडाळलेला मोडका तुकडा आणायचा, नंबर लावून बाहेरच्या बाकावर बसायचं. मी तुकडा बघायची आणि तो का मोडला ते सांगायची. फॉर्म नाही, अर्ज नाही. ज्यांनी ही प्रथा पाडली ते माझे सर कधीच गेले, पण बुधवार चालू राहिला. विद्यार्थी जे पुस्तकात वाचायचे ते इथे तेलकट फडक्यातून बाहेर यायचं.

या टेबलाचा एकच नियम होता. मोडण्याचं कारण कानात सांगायचं. तुकडा कुणाचा, कुठल्या कारखान्यातला, हे मोठ्याने विचारायचं नाही, आणि तो का मोडला ते फक्त आणणाऱ्याला, बेसिनपाशी नेऊन, हळू आवाजात सांगायचं. बाकावर बसलेले बाकीचे सगळे त्याच धंद्यातले. एकाची चूक दुसऱ्याला कळली की संध्याकाळपर्यंत गावभर होते आणि त्याचं गिऱ्हाईक तुटतं. सूक्ष्मदर्शकही जुना, त्यात एका वेळी एकच माणूस बघू शकायचा. सर म्हणायचे, ज्याचा तुकडा त्याचाच डोळा.

आमच्या गावाला हे नवीन नव्हतं. देवासात एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझे पणजोबा थोरल्या पातीच्या दफ्तरात, समोरच्या घरातला कारकून धाकटीच्या. दोघं एकमेकांकडे तंबाखू मागायचे, मुलांची लग्नं जुळवायचे, पण दरबारातला शब्द कुणी उंबऱ्याबाहेर काढत नसे. म्हणून तर दोन राज्यं एका गल्लीत नांदली. मी याच घरातली, आणि मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मी समजत होते.

तर, भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला आम्ही धारला गेलो. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता दिराने सांगितलं, "वहिनी, एक गोड बातमी आहे. तुमची लॅब पार्कमध्ये येते आहे."

"येते आहे म्हणजे? तिला पाय फुटलेत का?"

"सेंट्रल फॅसिलिटी. सगळी उपकरणं एका छताखाली. ऑनलाइन बुकिंग, मेंबरशिप, गोपनीयतेचा करार. प्रोफेशनल."

मी विचारलं, "बागलीचा मिस्त्री तीन बसा बदलून तुमच्या काचेच्या डब्यात येणार, आणि मेंबरशिपचा फॉर्म इंग्रजीत भरणार?"

"त्यांनाही बदलावं लागेल ना, वहिनी. कधीपर्यंत असं भंगार मांडून बसायचं?"

भंगार म्हणाला. माझ्या टेबलाला. मी वाटी खाली ठेवली आणि साफ बोलले, की ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या डिझाइनचे नटबोल्ट आवळले त्याने मला उद्योग शिकवू नये. नवऱ्याने खाली मान घालून पोळी मोडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तो तरी कुणाची बाजू घेणार? जाऊबाईंनी मठ्ठा आणला आणि पावसाचा विषय काढला.

पण कागद वरून आला होता. कुलगुरूंची सही होती. नवरात्राच्या आधी दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि माझा सूक्ष्मदर्शक गादीत गुंडाळून घेऊन गेली. टेबल राहिलं, कारण ते दारातून निघेना. त्या बुधवारी बाकावर पाच जण बसले होते. मी त्यांना सांगितलं की आता सगळं पार्कवर. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, आपापले तुकडे पुन्हा कागदात गुंडाळले आणि गेले. एकाने जाताना विचारलं, "फिर अपन कां जाएं, मॅडमजी?"

उद्घाटनाचा मुहूर्त दिराने खंडेनवमीचा काढला. धारच्या घरांना शस्त्रपूजेचा फार अभिमान. दिराच्या पणजोबांची तलवार अजून दरवर्षी पाटावर येते, तिला हळदकुंकू होतं, आणि त्या दिवशी घरातली कात्रीसुद्धा कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती उठवायची. यंत्रं हीच आजची शस्त्रं, म्हणून पार्कची सगळी यंत्रं खंडेनवमीला पुजायची, असं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला ते स्वतःलाच इतकं आवडलं की पत्रिकेवर छापून टाकलं. त्याच पत्रिकेवर खाली 'यंत्रांचं प्रात्यक्षिक' हेही छापलं होतं. या दोन ओळी एकमेकींच्या मुळावर उठल्या आहेत हे अख्ख्या समितीत एकाच्याही लक्षात आलं नाही. मी पत्रिका वाचली, हसले आणि गप्प राहिले. होऊ दे फजिती, म्हटलं.

अष्टमीच्या संध्याकाळी मला बागलीच्या मिस्त्रीचा फोन आला. हा माझ्या बुधवारचा जुना माणूस. सोयाबीनचे थ्रेशर, म्हणजे मळणीची यंत्रं, बनवतो, स्वतः, दोन कारागीर हाताशी घेऊन. पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याचा एक थ्रेशर पीपलरावां गावात चालू होता, त्याचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, चालता चालता तुटला होता.

"आदमी के कान के पास से निकला टुकड़ा, मॅडमजी. कईं बताऊं, हाथ-पांव ठंडे हो गए."

तसेच शाफ्ट बसवलेले आठ थ्रेशर त्याच्या दारात तयार उभे होते. दसऱ्याच्या सकाळी गिऱ्हाईकं नवं यंत्र हार घालून घरी नेतात, ती आमच्याकडची पद्धत. त्याला दसऱ्याच्या आत कळायला हवं होतं की ही आठ यंत्रं द्यायची की थांबवायची. दिली आणि एखादा शाफ्ट असाच उडाला, तर पुढच्या वेळी तो कानाजवळून जाईलच असं नव्हतं.

मी त्याला म्हणाले, "कल पार्क पे आ जाओ. मैं हूं वहां."

हे वाक्य मी नंतर फार वेळा आठवलं आहे.

नवमीला देवासातून निघायलाच वेळ लागला. टेकडीवर मातेच्या दर्शनाची गर्दी, सगळे रस्ते बांबू लावून वळवलेले. पोचले तर मिस्त्री फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा. पहाटे बागलीहून निघालेला, धुतलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. गार्ड त्याला आत सोडत नव्हता.

"पास नहीं है इनके पास, मैडम."

"अहो भिया, उद्योगासाठीच बांधलंय ना हे? मग हा काय भजन करायला आलाय?" मी म्हणाले. गार्डला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता आला. मी मिस्त्रीचा दंड धरून त्याला आत नेलं. तो म्हणत होता, मॅडमजी, मी इथेच थांबतो, तुम्ही इथेच बघा. मी ऐकलं नाही.

आत गारेगार सभागृह. समोर कुलगुरू, मोठ्या कंपन्यांची माणसं, कोट आणि बॅज. मागे 'स्थानिक लघुउद्योग' अशी पाटी लावलेल्या खुर्च्यांच्या चार रांगा, सगळ्या रिकाम्या. असणारच! खंडेनवमीला कुठला लेथवाला आपलं दुकान सोडून तुमचं दुकान पुजायला येईल? तो आपल्या मशीनला नारळ फोडत होता. त्या चार रांगांमध्ये एकटा माझा मिस्त्री जाऊन टोकाच्या खुर्चीवर बसला, पिशवी मांडीवर घेऊन.

व्यासपीठाशेजारी यंत्रं मांडली होती, सगळ्यांना झेंडूचे हार. माझा जुना सूक्ष्मदर्शकही तिथेच होता, 'आमचा वारसा' अशी पाटी लावून. त्याच्या नळीवर कुंकवाची पाच बोटं. बाजूला नवा, कॅमेरावाला, भिंतीएवढ्या पडद्याला जोडलेला. दिराने रेशमी कद नेसून सगळ्यांची यथासांग पूजा केली, मग कोट चढवून भाषण केलं. पूल तीन वेळा आला.

भाषण संपल्यावर एका कंपनीचा माणूस उठला आणि सभ्यपणे म्हणाला, "सर, डेमो देख लें?"

दिराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. माईकवर हात ठेवून तो म्हणाला की आज यंत्रं विश्रांतीत आहेत, परंपरा आहे, उद्या दसऱ्याला ती उठतील. पाहुण्यांनी घड्याळं बघितली. कुणीतरी खोकलं. उद्या हे पाहुणे इथे नसणार हे सगळ्यांना माहीत होतं. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

मी उठले. सरळ मांडणीपाशी गेले आणि नव्या सूक्ष्मदर्शकाच्या गळ्यातला हार काढला.

"वहिनी!" दीर दबक्या आवाजात म्हणाला. "आज हात लावायचा नसतो."

"माणसाचा कान जायची वेळ आलीय, भावजी. देवाला मी बघून घेईन." हे मी मुद्दाम माईकजवळ म्हणाले. पदराने भिंगावरचं कुंकू पुसलं आणि मिस्त्रीला हाक मारली. तो आला. त्याने पिशवीतून तुकडा काढला, तो अजूनही वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. मी कागद सोडला आणि तुकडा भिंगाखाली धरला, तशी भिंतीवर ती मोडलेली कड सभागृहाच्या दाराएवढी होऊन उभी राहिली.

सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू. शाफ्टवर चाक पक्कं धरणारी लोखंडी चावी बसवायची खाच होती, त्या खाचेचा कोपरा चाकूच्या पात्यासारखा धारदार ठेवलेला, आणि त्या कोपऱ्यातून निघालेल्या एकामागून एक बारीक रेषा, शिंपल्यावर असतात तशा. कोपरा धारदार राहिला की तिथे बारीकशी चीर पडते, दर फेऱ्याला थोडी थोडी पुढे सरकते, आणि एक दिवस शाफ्ट जातो. मी बोलत गेले. काठीने दाखवत गेले. समोर कुलगुरू मान हलवत होते. मी म्हणाले, "ही धातूची चूक नाही. बनवणाऱ्याची चूक आहे. कानस घेऊन कोपरा गोल केला असता तर हे झालंच नसतं. पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं हे." म्हणताना मी दिराकडे बघत होते. पहिल्या वर्षाचं पोर मी त्याला म्हणत होते.

कोटवाल्यांपैकी एक जण हसून शेजाऱ्याला म्हणाला, "बेसिक मिस्टेक है यार." मग टाळ्या झाल्या. खूप झाल्या. दोघातिघांनी फोनवर चित्रण केलं. मी वळून मिस्त्रीकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या त्या कोपऱ्याकडे बघत होता. मग त्याने तुकडा उचलला, कागदात गुंडाळला, मला हात जोडले आणि म्हणाला, "समझ गया, मॅडमजी. आठों रोक दूंगा." आणि बाजूच्या दाराने गेला. मला वाटलं, बस पकडायची असेल.

दीर कधी नव्हे तो खरोखर खूश होता. पार्क वाचला होता ना त्याचा! सगळ्यांसमोर त्याने जाहीर केलं की दर बुधवारी दुपारी पार्क गावाला उघडा राहील, फॉर्म नाही, पास नाही, आणि वहिनी स्वतः बसतील. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. परत येताना गाडीत मी नवऱ्याला तीनदा सांगितलं, की तुझ्या भावाचं तोंड बघायला हवं होतंस.

पहिल्या बुधवारी मी पार्कवर बसले. कुणी आलं नाही. नव्याचे नऊ दिवस असतात, इथे पहिला दिवससुद्धा नव्हता. दुसऱ्या बुधवारी एक विद्यार्थी वाय-फायचा पासवर्ड विचारायला आला. मी म्हटलं, लांब पडतं लोकांना, बस नाही, गार्ड हरामखोर आहे. दिराला फोन करून त्यावरून भांडले. त्याने बसची सोय केली. देवासहून, दर बुधवारी, फुकट. ती रिकामी यायची. मग मला वाटलं, काचेला घाबरतात. दिराने मागच्या बाजूला साधी खोली दिली, माझं जुनं टेबल दार काढून आणवलं, बाकसुद्धा ठेवला. एक दिवस तो स्वतः येऊन त्या बाकावर बसला.

"वहिनी, मी तर सगळं केलं," तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच जास्त राग आला.

शेवटी देवासच्या एका जुन्या लेथवाल्याला मी बाजारात गाठलं. विचारलं, का हो, विसरलात का मला? तो पहिल्यांदा नुसता हसला. मग त्याने फोन काढून मला ते चित्रण दाखवलं. कुणीतरी पाठवलेलं, कुणीतरी पुढे पाठवलेलं. त्यात माझा आवाज होता, 'बनवणाऱ्याची चूक', आणि कडेला पांढऱ्या शर्टात मिस्त्री, पिशवी धरून. बागलीपर्यंत गेलं होतं ते. आठ थ्रेशरचे कोपरे त्याने कानस मारून दोन दिवसांत गोल केले होते, यंत्रं आता पक्की होती, पण न्यायला आले ते दोघेच.

"मॅडमजी, आप तो कान में बोलते थे," लेथवाला म्हणाला.

भर बाजारात माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. खंडेनवमी मोडली याचा मी किती दिवस तोरा मिरवला होता! मोडायला नको तो नियम मी त्याच मिनिटाला, माईकसमोर, मोडला होता आणि मला कळलंसुद्धा नव्हतं. माझा जुना सूक्ष्मदर्शक हातभर अंतरावर होता. त्यात एकालाच दिसतं. मी मोठा पडदा निवडला, कारण मला दिराला दाखवायचं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तेवढी चीर बघायला सूक्ष्मदर्शकच लागत नव्हता. माझ्या पर्समध्ये तीस वर्षांपासून एक भिंग आहे. फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, मिस्त्री म्हणत होता तेव्हाच मी ते काढलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याहीआधी, अष्टमीला फोनवर 'देवासला घरी या' म्हणाले असते तर त्याची अर्धी वाट वाचली असती. मी त्याला पार्कवर बोलावलं, कारण मला भांडायला एक तुकडा हवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण त्याला.

संक्रांतीला तिळगुळाचा डबा घेऊन मी बागलीला गेले. माफी मागायची होती, पण नुसतं माफी मागायला जायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून तिळगूळ. त्याच्या दुकानात शिरले तेव्हा तो लेथपाशी खाली वाकून काहीतरी बघत होता. मला पाहिलं, आणि उठायच्या आधी त्याने पायाने एक पोतं ओढून त्या वस्तूवर टाकलं. झाकायच्या आधी मला दिसलं. मोडलेला शाफ्ट होता. नवा तुकडा, ताजी कड, अजून चकाकत होती.

त्याने खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. तिळगूळ दोन्ही हातांत घेतला. मी म्हणाले, त्या दिवशी माझं चुकलं, मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. तो म्हणाला, "अरे नहीं मॅडमजी, आपने तो सही बताया था. कोना गोल कर दिया."

"आणि आता? कसं चाललंय काम?"

त्याने पोत्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

"सब बढ़िया," तो म्हणाला. "अब तो कुछ टूटता ही नहीं."

माझी पर्स मांडीवर होती, भिंग तिच्यात होतं. मी चहा संपवला आणि परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.